सासऱ्याला धरायचं कोणी

माणूस पडतो त्याचा आवाज वेगळा असतो. भांडं पडलं की सारं घर वळून बघतं, पोतं पडलं की कोणी बघत नाही. माणूस पडल्यावर मात्र आधी एक जड आवाज होतो आणि मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही. ती जी शांतता असते ना, तिचीच मला जास्त भीती. नोकरी सुटून आता बरेच दिवस झाले, पण ती भीती काही सुटली नाही. लग्नाला गेले तरी मी नवरा-नवरी बघत नाही. मंडपातल्या सतरंजीची कडा कुठे दुमडली आहे, पंख्याची वायर कुठून गेली आहे, हेच बघत बसते. आमचे हे म्हणतात, तू अक्षता टाकायले आली का फरशी तपासायले?

मी फिजिओथेरपिस्ट. पांढुर्ण्याच्या एका खाजगी दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि आठवड्यातले काही दिवस मी बसनं सौंसरला जायची. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडात बसला नाही. कोणी कसरतवाली मॅडम म्हणायचे, कोणी सरळ मालिशवाली बाई. एकदा सौंसरचे एक दुकानदार बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, तेल आम्ही घरून आणलं आहे जी, तुम्ही फक्त हात लावा. मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता. तरुण होते तेव्हा, राग लवकर यायचा. आता विचारलं असतं, तेल कशाचं आहे?

लोकांना वाटतं, पेशंटला चालवणं हे आमचं काम. ते अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे त्याला पडू न देणं, आणि हे अर्धं कोणाला दिसत नाही. चाललेला माणूस सगळ्यांना दिसतो. न पडलेला माणूस कोणाला दिसणार? घरी जाताना लोक सर्जनच्या पाया पडायचे, सिस्टरला पेढे द्यायचे आणि मला म्हणायचे, मॅडम, तुम्ही लय तरास दिला बाप्पा.

तरास द्यावाच लागतो. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्त पायाकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी बसवायचं, पाय लोंबकळू द्यायचे, दोन गोष्टी बोलायच्या, चेहऱ्याचा रंग बघायचा आणि मगच उभं करायचं. खाटेच्या चाकांना ब्रेक लावला आहे का ते बघायचं. घरची झिजलेली रबरी चप्पल काढून घ्यायची. धोतराचा सोगा, लुगड्याचा काठ वर खोचायला लावायचा. पोछा मारून फरशी ओली असेल तर कोणीही बोलावलं तरी पेशंट हलवायचा नाही. आणि आमच्या भागात तर संत्र्याची सालं. पेशंटला भेटायला येणारा घरच्या बागेतली संत्री घेऊनच येतो, तिथेच सोलतो, पेशंटच्या नावानं स्वतः खातो आणि सालं खाटेखाली सरकवतो. मी वॉर्डात शिरले की आधी खाटांखाली वाकून बघायची. नवीन सिस्टरला वाटायचं मॅडमचं काही हरवलं आहे.

ही सगळी सवय मला एका व्याह्यानं लावली.

तिगावचे एक शेतकरी होते, धिप्पाड गडी. मांडीचं हाड मोडलं होतं, ते जोडून आत धातूची पट्टी बसवली होती. त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की मी दिसले की तेच मला म्हणून दाखवायचे. एका दुपारी मी दोन खाटा पलीकडे एका बाईच्या खांद्याचा व्यायाम घेत होते. दारातून वरुडकडचे त्यांचे व्याही आले. नवी टोपी, हातात मिठाईचा डबा, मागे दोन माणसं. आता पोरीचा सासरा दारात उभा आहे आणि पोरीचा बाप खाटेवर लोळतो आहे, हे आमच्याकडच्या माणसाला सहन होत नाही. ते उठले. दोन्ही पायांवर, हात जोडून, राम राम करायला उठले. मी वळेपर्यंत तो आवाज झाला होता.

पट्टी वाकली. त्यांना नागपूरला न्यावं लागलं, तिथं पुन्हा ऑपरेशन झालं, आणि ते परत आले ते चाकाच्या खुर्चीवर. नंतर भेटले तेव्हा मी विचारलं, भाऊ, असं काहून केलं? ते म्हणाले, "मॅडम, व्याही उभे होते ना. मी बसून कसा राहू?" त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, मला काहीतरी समजावून सांगावं तसं ते बोलले. त्या दिवशी मला कळलं की हाडांचं शास्त्र मला येतं, पण माणसं हाडांमुळे पडत नाहीत. ती कशामुळे तरी उठतात आणि म्हणून पडतात. ते कशामुळे हे आधी शोधायला पाहिजे.

मग मी व्याही ओळखायला शिकले. त्यात माझा हात कोणी धरला नसता. टोपी दिसली की मी खुर्ची घेऊन धावायची, आधी त्यांना बसवायची आणि मगच पेशंटकडे जाऊ द्यायची. बसलेल्या व्याह्यासमोर बसून राहायला कोणाची हरकत नसते. सगळे हसायचे मला. हसू द्या.

पण ज्यांच्यामुळे मी आज हे लिहायला बसले ते वेगळेच. रामाकोन्याकडचे नामदेवराव. कापूस आणि थोडी संत्र्याची बाग, बायको वारलेली, दोन मुलं. थोरला दिनकर, धाकटा प्रमोद. घरच्या अंगणात शेवाळावर पाय सरकला आणि खुबा मोडला. आमच्या सर्जननी खुब्यातला गोळा बदलून दिला. ऑपरेशन चांगलं झालं, पण ऑपरेशनमध्ये त्यांच्या हृदयानं सगळ्यांना घाम फोडला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन दिनकरला आणि मला एकत्रच सांगितलं की या माणसाला पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ देऊ नका, मी देणार नाही. म्हणजे गोष्ट सरळ होती. नवा गोळा बसून घट्ट होईपर्यंत पाय वाकडा पडला किंवा माणूस पडला, तर गोळा निखळणार. निखळला तर पुन्हा भूल. आणि पुन्हा भूल म्हणजे काय ते त्यांनी तोंडानं सांगितलं नाही.

आमच्या दवाखान्यात पेशंटजवळ घरचं एक माणूस राहतं. दिवसा ते माणूस म्हणजे प्रमोदची बायको, वंदना. थोरल्या सुनेला लहान मूल होतं. वंदना जेमतेम पंचविशीची, अंगानं बारीक, पण शेतात काम केलेले हात. मी पहिल्या दिवशी नामदेवरावांना उभं केलं आणि तिला म्हटलं, ये, तू या बाजूनं धर. ती जागची हलली नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. इकडे नामदेवरावांनी माझ्या हातातला दंड आखडून घेतला आणि डोलायला लागले. कसंबसं त्यांना खाली बसवलं.

आता हे नव्या वाचकांना सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या जुन्या शेतकरी घरांत सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. पाया पडायचं तेही दुरून, जमिनीला हात लावून. बोलणंही थेट नसतं. नामदेवराव बोलायचे ते पंख्याशी. "पाणी पायजे होतं," असं पंख्याला म्हणायचे आणि वंदना पेला आणून टेबलावर ठेवायची, हातात नाही. तिला काही सांगायचं असलं की ती बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगायची, गोळी घ्यायची राहिली म्हणा मामाजींची. म्हातारीला कमी ऐकू यायचं. तरी निरोप पोहोचायचा.

तुम्ही म्हणाल, यात भिण्यासारखं काय आहे, गोड आहे की. मलाही कोणाच्या घरात असं बघितलं असतं तर गोड वाटलं असतं. पण मला दिसत होतं ते एवढंच की या माणसाचा तोल जाईल त्या क्षणी त्याच्या सगळ्यात जवळ जी बाई असेल, तिनं हात पुढे केला तर हा माणूस अंग चोरून घेणार. पडेल, पण सुनेच्या हातात जाणार नाही. मी घरी जाऊन जेवताना हेच डोळ्यांसमोर यायचं.

मी दिनकरला बोलावून सांगितलं की दिवसा पुरुष माणूस ठेवा. तो म्हणाला, शेतात निंदण, फवारणी, बैल, कोण ठेवू? अन् ते प्रमोदची बायको फक्त जवळ बसून राहते, धरायले तुमचा वॉर्डबॉय हाये ना. वॉर्डबॉय एक आणि खाटा किती, हे त्याला काय सांगणार.

वंदनाला मी एकदा व्हरांड्यात गाठलं आणि जरा रागातच विचारलं, तुझ्या डोळ्यांसमोर ते पडले तर काय करशील? मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मले रोज तेच सपन पडते मॅडम. हात लावला तर घरचे बोलतीन. नाही लावला अन् पडले, तर माझ्या हातानं मेले म्हणतीन. मी काय करू ते तुम्हीच सांगा." मग माझा राग गेला. माझ्याइतकीच भ्यालेली बाई त्या दवाखान्यात दुसरी होती तर.

मी उपाय काढला तो दुपट्ट्याचा. आम्ही पेशंटच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधतो, त्याला धरून चालवतो. नामदेवराव खांद्यावर सुती दुपट्टा टाकायचे, लांब, जाड, घरचा. तोच मी त्यांच्या कमरेला घट्ट बांधला आणि मागे धरायला एक फेरा सोडला. त्यांना म्हटलं, बाबा, ती तुम्हाला धरणार नाही, दुपट्ट्याला धरणार. नामदेवराव पंख्याला म्हणाले, "कापडाले धरायले काय हरकत हाये." वंदनानं पदर दातात धरला, फेऱ्यात हात घातला, आणि अशी ती वरात वॉर्डात निघाली. पुढे वॉकर, मग नामदेवराव, बाजूला थोडी मागे वंदना, आणि त्यांच्या मागे हात पसरून मी.

एक अडचण राहिली. दुपट्टा बांधायचा म्हणजे कमरेभोवती हात घालावा लागतो. ते वंदना करणार नव्हती. रोज मी किंवा वॉर्डबॉय बांधायचो.

आणि दुसरी अडचण मोठी. पडणाऱ्या माणसाला उचलून धरता येत नाही. हे कोणाला पटत नाही, पण खरं आहे. वंदनासारख्या दोघी असत्या तरी नामदेवराव त्यांना धरवले नसते, उलट तिघं पडले असते. पडणाऱ्याला धरायचं नसतं. त्याला आपल्या अंगावरून खाली उतरवायचं असतं. आपला एक पाय मागे टाकायचा, माणूस आपल्याकडे ओढून घ्यायचा, पोटाशी, आणि आपल्या मांडीवरून त्याला हळूहळू जमिनीवर घसरू द्यायचं. पडणं थांबत नाही, पण त्याचं बसणं होतं. हे कापडाला धरून होत नाही. यात माणूस मिठीतच घ्यावा लागतो.

हे मी वंदनाला शिकवलं, पण नामदेवरावांवर नाही. माझ्यावर. मागच्या खोलीत दार लावून मी रोज तिच्या अंगावर पडायची. चांगली भरलेल्या अंगाची बाई मी, ती पहिल्या दिवशी माझ्यासकट भिंतीला टेकली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या. मग हळूहळू तिला ते जमलं. मी न सांगता पडायला लागले, बोलता बोलता गुडघे सोडून द्यायची. ती पाय मागे टाकायची, मला ओढून घ्यायची आणि खाली उतरवायची. आणि ऑपरेशनचा पाय सरळ ठेवायचा हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी खाली पोहोचले की ती म्हणायची, पाय सरळ मॅडम. एकदा मी विचारलं, आणि तिथं बाबा असले तर? ती म्हणाली, ते नका विचारू जी.

तेवढ्यात पोळा आला.

पोळ्याला घरच्या पुरुषानं बैलांजवळ असायला पाहिजे. बाप दवाखान्यात, म्हणून दिनकर आणि प्रमोद दोघंही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण येतो म्हणाले. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, दुसऱ्या दिवशी गोटमार आहे, रस्ते बंद असतात, येणार कसे? ते म्हणाले, येतो जी, पाहून घेऊ. नामदेवरावांनी स्वतःच त्यांना हाकललं, बैल उपाशी उभे ठेवता काय रे म्हणून. वंदना माझ्याकडे बघत होती. पोळा थांबवणारी मी कोण?

बाहेरच्या वाचकांना गोटमार माहीत नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात आणि मधल्या झेंड्यासाठी एकमेकांवर गोटे मारतात. परंपरा आहे. मी त्यावर काही बोलत नाही, कारण माझ्या माहेरचे आणि सासरचे वेगवेगळ्या काठावर आहेत. दवाखान्यातल्या माणसाला एवढंच ठाऊक असतं की त्या दिवशी दुपारपासून डोकी यायला लागतात. सरकारी दवाखाना भरला की उरलेले आमच्याकडे. आमचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, पण वॉर्डबॉय, सिस्टर, झाडूवाली, सगळे खाली ओढले जातात. मी सकाळीच सगळ्या पेशंटना सांगून ठेवलं की आज मी येईपर्यंत कोणी खाटेवरून उतरायचं नाही. नामदेवरावांचा दुपट्टा बांधून ठेवला, आणि मग मलाही खाली बोलावणं आलं. एका पोट्ट्याच्या कपाळावर पट्टी दाबून धरायला कोणी नव्हतं.

पुढचं मला वंदनानं नंतर सांगितलं. नामदेवरावांना पोटात कळ आली. लघवीचं भांडं त्यांना चालायचं, ते स्वतः वापरायचे. पण ही गोष्ट भांड्याची नव्हती. त्यांनी बराच वेळ दम धरला, घाम फुटला, आणि मग पंख्याला म्हणाले, आता जा लागते. वंदनानं वॉर्डबॉयला हाका मारल्या, कोणी आलं नाही. खुर्चीसारखा उंच कमोड फक्त व्हरांड्याच्या टोकाला होता. ते दोघं गेले. नीट गेले. तिनं त्यांना दारापर्यंत पोहोचवलं आणि बाहेर पाठ करून उभी राहिली.

आत त्यांना दुपट्टा सोडावा लागला. आणि तो त्यांनी पुन्हा बांधला तो स्वतःच, जमेल तसा. ती कशी बांधून देणार, आणि ते तरी तिला कसं म्हणणार?

मी तेव्हा खालून वर आले होते. माझ्या मनात सारखी ती खाट येत होती म्हणून आले होते. व्हरांड्याच्या या टोकाला मी आणि त्या टोकाकडून ते दोघं येत होते. मध्ये माणसंच माणसं. खाली जागा नाही म्हणून जखमी वर आणले होते, कोणी भिंतीला टेकून बसलेले, कोणाच्या तोंडावरून रक्त, कोणाची आई रडते आहे, फरशीवर पाणी सांडलेलं. मी ओरडले, बाबा, तिथेच उभे राहा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तेवढ्यात माझ्या मागून चार-पाच जण एका पोराला हातांवर घेऊन पळत आले, बाजू द्या, बाजू द्या करत. ते मला भिंतीवर ढकलून पुढे गेले. त्यातल्या एकाचा खांदा नामदेवरावांच्या वॉकरला लागला.

वॉकर बाजूला झाला. नामदेवराव मागे झुकले. वंदनानं दुपट्टा ओढला आणि तो सुटून तिच्या हातात आला. मला तो पांढरा दुपट्टा हवेत दिसला. मी डोळे मिटले. लाज वाटते सांगायला, पण मिटले. मी त्या आवाजाची वाट बघत होते.

आवाज आला नाही. आला तो वंदनाचा. "पाय सरळ. पाय सरळ ठेवा मामाजी. माझ्याकडे सोडा अंग. सोडा."

मी लोकांना ढकलत, कोपरं मारत तिथं पोहोचले. वंदना फरशीवर बसली होती, एक पाय दुमडलेला, आणि नामदेवराव तिच्या मांडीवर पाठ टेकून, तिच्या दोन्ही हातांच्या विळख्यात. डोक्यावरचा पदर कुठच्या कुठे. आजूबाजूचे जखमीसुद्धा बघत होते. ऑपरेशनचा पाय फरशीवर सरळ होता. वंदनाचे हात इतके घट्ट होते की मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. नामदेवरावांनी डोळे घट्ट मिटले होते. ते दुखण्यानं का लाजेनं, ते कळत नव्हतं.

पाय आखूड झालेला दिसत नव्हता, पंजाही आत वळला नव्हता. गोळा जागेवर असल्याच्या या खुणा. पण खुणांवर माझा विश्वास नाही. एक्स-रेवाला खाली डोक्यांचे फोटो काढत होता, त्यामुळे थांबावं लागलं, आणि ते थांबणं मी कधी विसरणार नाही. मी खाटेजवळ उभी राहून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला परत परत हात लावून बघत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घुमत होतं. वंदना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर कपाळाखाली ओढून. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

एक्स-रे चांगला आला. गोळा जागेवर होता. मी सिस्टरच्या स्टुलावर बसले, मला उठवेचना.

तेवढ्यात दिनकर आला. गावाबाहेरच अडवलं होतं म्हणून बराच रस्ता पायी चालून आला होता, घामाघूम. त्याला खाली दारातच कोणीतरी सांगितलं होतं की तुझा बाप पडला आणि सुनेनं चारचौघात मांडीवर घेतला. तो आत आला तोच वंदनावर ओरडत. धरता येत नव्हतं तर उठवलं कायले? मॅडमनं नाही म्हटलं होतं ना? अन् हे असं लोकाईसमोर? आमच्या घराची काही लाज हाये का नाही? मी उठून बोलणार होते, आणि चांगलं खरडपट्टीचं बोलणार होते, पण सिस्टर मध्येच मला विचारायला लागली, मॅडम, सर्जनसाहेबांना पेशंट पडला असं सांगायचं ना?

"पडला कोण?"

नामदेवराव बोलले होते. पंख्याकडे न बघता. दिनकरकडे बघून.

"मी पडलो नाही. पोरीनं मले बसवलं. तू बैल पाह्यले गेला होता ना? मग चूप बस."

बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला यातलं किती ऐकू आलं कोणास ठाऊक, पण ती मान हलवत होती. नामदेवरावांनी मान वळवली आणि त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, वंदना, पाणी दे. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तिनं पेला आणला आणि सवयीनं टेबलावर ठेवायला लागली. त्यांनी हात पुढे केला होता. तो तसाच पुढे राहिला, तेव्हा तिनं पेला हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी दुपट्टा घेऊन गेले. नामदेवराव पाय लोंबकळून बसले होते. मी त्यांच्या कमरेभोवती हात घालणार तोच त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "तिले बांधू द्या."

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान मुलानं सदरा घालताना करावेत तसे. वंदना पुढे आली. तिनं पदर दातात धरला, त्यांच्या कमरेभोवती दुपट्टा नेला, गाठ मारली आणि ती पक्की बसली का ते ओढून पाहिलं. मग ते निघाले. मी मागे होते, हात पसरून. माझी भीती कमी झाली होती असं मी म्हणणार नाही.